स्वावलंबन, स्वाश्रय आणि ओळंबा : बडोद्यातून पाहिलेले तीन शब्द

स्वावलंबन हा शब्द आपण सगळ्यांनी पहिल्यांदा शाळेत वाचला. वर्गाच्या भिंतीवर, नाहीतर निबंधाच्या विषयांच्या यादीत. निबंधात काय लिहायचं तेही ठरलेलं असे : आपली कामं आपण करावीत, दुसऱ्यावर अवलंबून राहू नये. आता गंमत बघा. 'अवलंबून राहू नये' म्हणणारा आणि 'स्वावलंबी व्हावे' म्हणणारा, दोघेही एकच शब्द वापरताहेत. अवलंब दोन्हीकडे आहेच. फरक एवढाच की एका ठिकाणी तो दुसऱ्याचा आणि दुसऱ्या ठिकाणी स्वतःचा. म्हणजे हा शब्द बनवणाऱ्याने आधार काढून टाकलेला नाही, त्याची जागा तेवढी बदलली आहे. बडोद्यात राहून या शब्दाकडे पाहिले की ही बारीकशी गोष्ट फार मोठी दिसू लागते. का, ते सांगतो.

आधी शब्दाची फोड. संस्कृतात 'लम्ब्' या धातूचा अर्थ लोंबणे, टांगलेले असणे. त्याला 'अव' लागला की खाली लोंबणे, आणि त्यावरून धरून राहणे, टेकणे, आश्रय घेणे. एखादी पद्धत 'अवलंबिली' म्हणतो तेव्हा ती हातात धरली असा अर्थ होतो. या धातूची मराठीतली पिलावळ मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. लांब, लोंबणे, लंबक, विलंब, प्रलंबित ही सगळी एकाच घरातली माणसे. कोर्टात दावा 'प्रलंबित' असतो तेव्हा तो खरोखरच लोंबकळत असतो, हे ज्याचा दावा आहे त्याला शब्दकोश न उघडताही कळते.

पण मला या घराण्यातला सर्वात आवडलेला शब्द गवंड्याच्या पिशवीत सापडतो. तो म्हणजे ओळंबा. दोरीला बांधलेले लोखंडाचे किंवा पितळेचे वजन. भिंत सरळ उभी राहते आहे की कलते आहे ते त्याने पाहतात. हा ओळंबा म्हणजे 'अवलंब'च. 'लवण'चे लोण आणि 'नवनीत'चे लोणी झाले, तसाच इथे 'अव'चा ओ झाला. आणि कमलचे कमळ, फलचे फळ झाले तसा ल चा ळ. पोथीतला शब्द दीड-दोन हजार वर्षे लोकांच्या तोंडी फिरून गवंड्याच्या हातात आला. वस्तू तर त्याहून जुनी असणार. आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास आपल्या गणितपादात सांगून ठेवले आहे की जमीन सपाट आहे का ते पाण्याने तपासावे आणि उभी रेषा लंबकाने. आजही कुठल्याही बांधकामावर जा, पाण्याची नळी आणि ओळंबा ही दोन हत्यारे तिथे दिसतील.

बडोद्यातल्या वाचकांना एक जास्तीची गोष्ट ठाऊक असेल. गुजराती मिस्त्री या हत्याराला 'ओळंबो' म्हणतो. हिंदीभाषक कारागीर मात्र 'साहुल' म्हणतात, तो फारसीतून आलेला शब्द. मराठी आणि गुजराती यांनी जुना अवलंब हत्याराच्या रूपात सारखाच सांभाळला, शेवटच्या स्वराचा काय तो फरक. मांडवीजवळच्या जुन्या वाड्याची भिंत बांधताना मालक मराठी बोलत असो नाहीतर गुजराती, हे एक हत्यार मागताना दुभाषाची गरज पडली नसावी.

आता ओळंब्याने काय होते ते पाहा. दोरीचे एक टोक वर कुठेतरी धरावेच लागते. हवेत ओळंबा लागत नाही. वर धरणारा हात स्थिर असला तरच खालचे वजन खरी रेषा दाखवते. स्वावलंबन या शब्दातही 'वर कोणी धरले आहे' हा प्रश्न लपलेला आहे. आपण 'स्व' असे उत्तर देऊन मोकळे होतो. पण हा स्व कुठून आला, त्याला कोणी उभे केले, हे विचारायचे राहून जाते.

इथे गुजराती शेजाऱ्यांचा शब्द मदतीला येतो. स्वावलंबन त्यांनाही माहीत आहे, पण रोजच्या लिहिण्या-बोलण्यात ते 'स्वाश्रय' जास्त म्हणतात. स्वाश्रयी माणूस, स्वाश्रयी जीवन. आणखी एक सुंदर शब्द त्यांच्याकडे आहे, तो म्हणजे 'पगभर'. मुलगा पगभर झाला म्हणजे आपल्या पायांवर भार पेलू लागला. आपण मराठीत त्याच अर्थाने 'स्वतःच्या पायावर उभा राहिला' अशी तीन-चार शब्दांची वरात काढतो, गुजराती एका शब्दात काम उरकते. असो. स्वाश्रय म्हणजे स्वतःचा आश्रय. आणि आश्रय म्हटले की बडोद्याच्या मराठी माणसाला दुसराच शब्द आठवतो : राजाश्रय.

आपल्यापैकी बहुतेकांची घराणी इथे आली ती या एका शब्दाच्या जोरावर. पिलाजीराव गायकवाडांच्या स्वाऱ्या, १७३४पासून कायमचे गायकवाडांकडे आलेले बडोदे, आणि त्यामागून आलेले शिलेदार, कारकून, पुराणिक, वैद्य, गवई, आचारी. कोणाला जमीन, कोणाला नेमणूक, कोणाला वर्षासन. ही मंडळी राजाची 'आश्रित' होती आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. उलट, आश्रित असणे ही ओळख होती. कवी चंद्रशेखर गोऱ्हे यांना बडोद्याचे राजकवी म्हणत, ते बिरुद मानाचे होते. ज्याला आपण आज परावलंबन म्हणून नाक मुरडू त्याच व्यवस्थेतून इथली कविता, गाणे, ग्रंथ आणि इमारती निघाल्या हे विसरता येत नाही. मात्र त्या व्यवस्थेत आश्रय कोणाला मिळे आणि कोणाला नाही हेही विसरून चालणार नाही, त्याकडे येतोच.

या राजाश्रयाच्या शहरात स्वाश्रयाची भाषा आली ती राजवाड्यातूनच, हे इतिहासाचे वळण मला फार मजेशीर वाटते. नाशिककडच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ १८७५ साली महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि सयाजीराव झाला. त्यांच्या कारभाराची सगळी यादी इथे देत नाही, ती आपल्या वाचकांना पाठ आहे. मला त्यातल्या दोन गोष्टी हव्या आहेत.

पहिली म्हणजे कलाभवन. १८९० साली त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या हाती ते सुरू झाले. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला हे विषय देशी भाषांतून शिकवायचे हा त्यातला आग्रह. परक्या भाषेचा आधार सुटल्याशिवाय कारागिराचा स्व उभा राहणार नाही, हे गज्जरांनी ओळखले होते. त्यासाठी शास्त्रीय पुस्तके आणि परिभाषा तयार करण्याचा खटाटोपही त्यांनी केला. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. १९०७ साली निघालेल्या अलेंबिक केमिकल वर्क्सच्या मागे गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व भाईलालभाई अमीन होते. (अलेंबिक या नावात 'लंब' ऐकू येतो म्हणून कोणी त्याला आपल्या घराण्यात घेऊ नये. तो ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचा अरबी शब्द युरोप फिरून परत आला आहे.) पुढच्याच वर्षी, जुलै १९०८मध्ये, बँक ऑफ बडोदा निघाली. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस. स्वदेशी ही कल्पना मराठीला नवी नव्हती. लोकहितवादींनी 'प्रभाकर'मधल्या शतपत्रांत १८४८ ते १८५०च्या दरम्यानच देशी माल वापरण्याचा उपदेश केला होता, आणि सार्वजनिक काकांनी १८७२च्या सुमारास खादीचे व्रत घेतले होते. पण उपदेश आणि व्रत यांच्या खाली कारखाना, बँक आणि शाळा घालणे हे बडोद्यात घडले.

दुसरी गोष्ट ग्रंथालयांची, आणि हिच्याजवळ मी थोडा थांबणार आहे, कारण स्वावलंबन या शब्दाचा मला सापडलेला सर्वात नेमका हिशेब इथे आहे.

सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणले आणि १९१०पासून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभे राहू लागले. त्याआधी १८९३मध्ये अमरेली भागात आणि १९०६मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले होते. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. शिकलेली मुले पुढे वाचणार काय, म्हणून ग्रंथालये. याच्याही आधी चरोतरातले शिक्षक मोतीभाई अमीन 'मित्रमंडळ' नावाने गावोगाव वाचनालये काढत होते, लोकांकडून पै-पैसा गोळा करून. बॉर्डन आले तेव्हा मोतीभाई त्यांच्या हाताखाली राज्याच्या कामात आले. आणि नियम असा ठरला : गावकऱ्यांनी आपल्या वाचनालयासाठी वर्गणी जमवावी, जितकी ते जमवतील तितकीच रक्कम प्रांत पंचायत देईल आणि तितकीच राज्याचे ग्रंथालय खाते देईल. म्हणजे एक वाटा गावाचा, दोन वाटे बाहेरचे. गावाने काहीच जमवले नाही तर काहीच मिळणार नाही. पण गावाने एक रुपया काढला की तीन होणार.

याला स्वावलंबन म्हणायचे की परावलंबन? दोन तृतीयांश पैसा वरून येतो आहे, तेव्हा हिशेबनीस परावलंबन म्हणेल. पण वाचनालय असावे हा निर्णय गावाचा, पहिला रुपया गावाचा, आणि तो रुपया थांबला की सगळेच थांबणार. इतकेही ज्या खेड्याला शक्य नव्हते तिथे फिरत्या ग्रंथालयाची पेटी जाई. पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी, नेण्या-आणण्याचा खर्च राज्याचा. पेटीवाल्या गावाने अजून 'स्व' म्हणून दोरी धरलेली नाही, पण त्याला हात तर तयार करू द्या, असा तो विचार. बॉर्डननंतर हे खाते जनार्दन सखाराम कुडाळकरांनी सांभाळले. या चळवळीवर त्यांनी १९१९ साली लिहिलेले इंग्रजी पुस्तक आहे, ते आपल्यापैकी ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे.

मी या तीन वाट्यांच्या हिशेबाला इतके महत्त्व देतो याचे कारण, त्यात स्वावलंबन म्हणजे मदत नाकारणे नव्हे हे आकड्यांतच सांगितले आहे.

आता ज्या गोष्टीकडे 'येतोच' म्हणालो होतो ती. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदा राज्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात परत येऊन दहा वर्षे राज्याची नोकरी करायची असा करार. राजाश्रयाचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. १९१७च्या सप्टेंबरात ते करार पाळायला बडोद्यात आले. आणि या शहरात, जिथे आश्रय या शब्दावर आपल्या सगळ्यांची घरे उभी राहिली, त्यांना राहायला खोली मिळेना. हिंदू खानावळीत जात लपवल्याशिवाय शिरता येणार नाही हे ते जाणून होते. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाच्या अडगळीत एकटेच. सरकारी बंगला मिळावा म्हणून खटपट केली, ती वेळेत फळाला आली नाही. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणून दटावून गेला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून गेले. हे सगळे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे. ज्या झाडाखाली ते बसले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

स्वावलंबनाच्या निबंधात हा प्रसंग कोणी घालत नाही, पण घालायला हवा असे माझे मत आहे. माणूस कोलंबियात शिकून आलेला, नोकरी हातात, भाडे द्यायला पैसे खिशात. स्वतःच्या पायावर उभे राहणे यापेक्षा वेगळे काय असते? पण पाय स्वतःचे असले तरी जमीन दुसऱ्यांच्या ताब्यात होती. राजाने वर दोरी धरली होती, ती राजधानीच्या रस्त्यात कापली गेली. आपल्या शहराच्या इतिहासात अभिमानाची पाने पुष्कळ आहेत. हे पान वगळून ती वाचू नयेत.

या प्रसंगाला चिकटूनच एक घरगुती शब्द येतो, स्वयंपाक. फोड सरळ आहे : स्वयं म्हणजे स्वतः, पाक म्हणजे शिजवणे. स्वयंपाकी म्हणजे मुळात स्वतःचे अन्न स्वतः शिजवून खाणारा, दुसऱ्याच्या हातचे न खाणारा. प्रवासातही चूल मांडून सोवळ्यात आपला भात आपण रांधणारी माणसे होती, त्यांचा हा शब्द. वरवर पाहता स्वावलंबनाचा आदर्शच! पण त्या 'स्वयं'मागे कष्टाची आवड नव्हती, विटाळाची भीती होती. आणि भाषेने या शब्दावर सूड उगवला म्हणा हवे तर, आज 'आमच्याकडे स्वयंपाकी आहे' म्हणजे पगार देऊन ठेवलेला माणूस. जो स्वतःसाठी सोडून सगळ्यांसाठी शिजवतो. शब्दातला स्वयं तसाच राहिला आणि अर्थ उलटा झाला. स्व लागला म्हणून शब्द आपोआप पवित्र होत नाही, हे कळायला हा एक शब्द पुरे.

याच्या नेमकी उलट चूल साताऱ्यात पेटली. कर्मवीर भाऊराव पाटील हे कोल्हापूरकडच्या कुंभोजचे. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, मग १९२४ साली ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहात, एकत्र जेवत, आणि राबून शिकत. १९२७च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. संस्थेचे चिन्ह वडाचे झाड, आणि ब्रीदवाक्य : स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद. मराठीत स्वावलंबन हा शब्द पुस्तकातून उतरून खेड्यातल्या मुलाच्या तोंडी बसला त्यात या ब्रीदाचा वाटा फार मोठा आहे असे मला वाटते. 'कमवा आणि शिका' हे त्याचे चालू भाषेतले रूप.

पण या स्वावलंबनाची दोरी कोणी धरली होती? मुले राबत होती हे खरेच. त्याबरोबर लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा; हे साताऱ्याकडे घरोघर सांगितले जाते. आणि १९४० साली संस्थेने साताऱ्यात मोफत निवासी हायस्कूल काढले तेव्हा त्याला नाव दिले महाराजा सयाजीराव हायस्कूल. सयाजीराव त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १९३९मध्ये, निवर्तले होते. स्वावलंबनाचे ब्रीद मिरवणाऱ्या संस्थेने राजाचे नाव लावले आणि त्यात कोणाला विसंगती दिसली नाही. मलाही दिसत नाही. चिन्हातला वड पाहा : त्याच्या पारंब्या आधी वरून लोंबतात, म्हणजे शब्दशः अवलंबून असतात. जमिनीला टेकल्यावर त्याच खोड होऊन फांदीला पेलतात.

बडोद्यातून निघालेल्या आणखी एका माणसाने हा शब्द टोकापर्यंत ताणून पाहिला. विनोबा भावे. जन्म कोकणातल्या गागोद्याचा, पण वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यात, त्यामुळे शाळा-कॉलेज इथलेच. वडिलांना रंगशास्त्राचा नाद होता. मार्च १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला गेले. त्याआधी आपली प्रशस्तिपत्रे त्यांनी चुलीत घातली होती. पुढे १९५०च्या सुमारास पवनारच्या आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला : पैसा वापरायचा नाही, जे पिकवू ते खायचे, बैलाशिवाय शेती करायची. स्वावलंबनाचा याहून कडक अर्थ मराठीत कोणी जगून दाखवला असेल असे वाटत नाही. आणि तरी तो सगळ्यांनी मिळून करायचा प्रयोग होता, एकट्याचा नव्हता. गांधीजींनी १९४२ साली गावाचे जे चित्र रेखाटले त्यातही गाव आपल्या मुख्य गरजांपुरते स्वतंत्र आणि बाकीच्यांसाठी शेजाऱ्यांशी जोडलेले असेच आहे. त्याला मराठीत परस्परावलंबन म्हणतात. बोजड शब्द आहे, कबूल. पण स्वावलंबनाच्या शेजारी तो ठेवला की पहिल्या शब्दाचा अर्थ निवळतो.

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि राजाश्रय संपला. इथल्या मराठी माणसांना स्वाश्रय हा शेजाऱ्यांचा शब्द तेव्हा खऱ्या अर्थाने शिकावा लागला. काही घरे पुण्या-मुंबईकडे गेली, बरीच राहिली आणि गुजराती व्यवहारात मिसळली. तो विषय वेगळ्या निबंधाचा आहे.

त्यानंतर आलेला शब्द म्हणजे आत्मनिर्भर. १२ मे २०२०च्या पंतप्रधानांच्या भाषणानंतर तो घरोघर पोचला. ऑक्सफर्डने आत्मनिर्भरता हा त्या वर्षाचा हिंदी शब्द ठरवला. मराठी कानाला तो जरा अडखळवतो, आणि त्याला कारण आहे. संस्कृतात आणि जुन्या वळणाच्या मराठीत निर्भर म्हणजे भरलेला, ओतप्रोत. हर्षनिर्भर म्हणजे आनंदाने भरून गेलेला. बंगालीत आणि हिंदीत मात्र निर्भर म्हणजे अवलंबून. त्यामुळे हिंदीभाषकाला आत्मनिर्भर म्हणजे स्वतःवर विसंबणारा असे ऐकू येते आणि जुन्या पठडीतल्या मराठी माणसाला, स्वतःनेच तुडुंब भरलेला. दोन्ही अर्थांची माणसे आपल्या पाहण्यात असतात, तेव्हा तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसरीकडे. गुजरातेत विनाअनुदान खासगी शाळेला 'स्वनिर्भर शाळा' म्हणतात. २०१७ साली फीच्या नियमनाचा कायदा आला तोही याच नावाने. महाराष्ट्रात २०१२च्या कायद्याने तिला 'स्वयंअर्थसहाय्यित' केले, जे एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन. नाव काहीही असो, स्वनिर्भर कोण? शाळा म्हणे स्वतःवर निर्भर आहे. प्रत्यक्षात ती पालकाच्या खिशावर निर्भर आहे. ज्या राज्यात १९०६ साली शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, जिथे गावाच्या एका रुपयाला दोन रुपये जोडून मिळत, तिथे आज 'स्व' या अक्षराचा अर्थ 'आम्ही काही देणार नाही' असा होऊन बसला आहे. वाचनालयाच्या हिशेबातले दोन वाटे गळाले, आणि उरलेल्या एकाला स्वावलंबन हे नाव मिळाले. शब्दाच्या इतिहासात याला अर्थसंकोच म्हणतात.

याच्या उलट वाटेने गेलेला एक शब्द सांगतो आणि थांबतो. इंग्रजीतल्या सेल्फ हेल्प ग्रुपचे सरकारी मराठी नाव स्वयंसहाय्यता समूह. ते कागदावरच राहिले. बायका त्याला बचत गट म्हणतात, नुसता 'गट'सुद्धा. 'आज गटाची मीटिंग आहे.' आपल्याकडे गुजरातेत तेच सखी मंडळ. दोन्ही भाषांतल्या बायकांनी 'स्व' आणि 'स्वयं' बाजूला ठेवले, आणि ज्याच्या आधाराने त्या उभ्या राहिल्या त्याचेच नाव घेतले, गट आणि मंडळ.

जाता जाता एक विनंती. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत, विशेषतः बांधकाम, सुतारकाम आणि रंगकाम करणाऱ्या घराण्यांत, ओळंब्यासारखे मराठी-गुजराती दोन्हीकडे चालणारे हत्यारांचे शब्द अजून वापरात असतील. कलाभवनात शिकलेल्या आजोबांच्या वह्या कोणाकडे असतील तर त्यांतही ते सापडतील. शब्द, त्याचा उच्चार, आणि ते हत्यार कशाला वापरतात, एवढे लिहून मंडळाकडे पाठवावे. हत्यार घरात असेल तर त्याचा फोटोही.